अखंड चालणारे यंत्र आणि त्याचा राखणदार



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत आजचा विषय वाचून पुष्कळांना नवल वाटले असेल. कामगार चळवळीतला माणूस बोलायला उभा राहिला म्हणजे तो गिरणीवर बोलेल, साखर कारखान्यावर बोलेल, फार तर मोंढ्यातल्या हमाल-मापाड्यांवर बोलेल, अशी एक समजूत असते. आज आम्ही बोलणार आहोत ते संगणकाची मोठमोठी यंत्रघरे बांधणाऱ्या आणि चालवणाऱ्या मंडळींच्या एका परिषदेविषयी. गेल्या वर्षी मुंबईत, गोरेगावच्या प्रदर्शन केंद्रात, अशा एका परिषदेला दोन दिवस हजर राहण्याचा योग आला. परिषदेचे नाव सांगत नाही. कोणाची जाहिरात करण्यासाठी हे व्यासपीठ नाही, आणि अशा परिषदा आता वर्षातून अनेक भरतात. तेथे जे ऐकले आणि पाहिले त्यातून एक प्रश्न मनात उभा राहिला. तो तुमच्यापुढे मांडावा, एवढाच आजचा हेतू आहे.

आता कोणी विचारील, की हिंगोलीच्या माणसाला ह्या यंत्रघरांशी काय कर्तव्य? कर्तव्य पुष्कळ आहे. सातबाऱ्याचा उतारा पूर्वी तलाठ्याच्या दप्तरात असे. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा यंत्रावरून मिळू लागला. रेशनच्या दुकानात आपण अंगठा टेकवतो, तो ओळखणारे यंत्र त्या दुकानात नसते, शेकडो मैलांवर असते. मार्केट यार्डात हळदीचा लिलाव झाला, पट्टी झाली, पैसे खात्यात पडले असा मोबाइलवर संदेश आला, की शेतकरी निश्चिंत होतो. पण ते पैसे म्हणजे तरी काय? कोठल्या तरी यंत्रघरातल्या तबकडीवर लिहिलेली एक ओळ. ती ओळ शाबूत राहिली तर आपण सावकार, नाही तर भिकारी.

३१ जुलै २०२४ रोजी काय झाले ते आठवून पाहा. छोट्या सहकारी आणि ग्रामीण बँकांना तंत्रसेवा पुरवणाऱ्या एका कंपनीच्या यंत्रणेत खंडणीखोरांनी शिरकाव केला. रोग पसरू नये म्हणून नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने त्या कंपनीची जोडणी तात्पुरती तोडून टाकली, आणि देशातल्या सुमारे ३०० छोट्या बँकांच्या ग्राहकांचे एटीएमचे व मोबाइलवरचे व्यवहार अडले. मोठ्या शहरातल्या मोठ्या बँकेच्या ग्राहकाला त्याचा पत्ताही लागला नाही. अडला तो लहान गावातला लहान खातेदार. तेव्हा हा विषय मुंबईचा असला, तरी त्याचा घोर आपल्याला आहे.

ही यंत्रघरे असतात तरी कशी, हे आधी थोडक्यात सांगतो. ऐरोली, रबाळे, महापे ह्या नव्या मुंबईच्या पट्ट्यात आणि पुढे पनवेलकडे गेलात, की खिडक्या नसलेल्या उंच इमारती दिसतात. पाटीही बेताचीच असते. आत लोखंडी कपाटांच्या रांगाच रांगा असतात आणि त्या कपाटांत संगणक रचलेले असतात. त्यांना डेटा सेंटर म्हणतात. मुंबईच्या आसपास हा धंदा फोफावला त्याला कारण आहे. परदेशाशी जोडणाऱ्या समुद्राखालच्या तारा ज्या ठिकाणी किनाऱ्याला लागतात त्यांत मुंबई प्रमुख आहे, आणि ही गोष्ट आजची नाही. सुएझहून एडनमार्गे मुंबईपर्यंत समुद्रातून तारायंत्राची केबल टाकली गेली ती १८७० साली. तेव्हा ठिपके-रेघा येत, आता प्रकाशाचे किरण येतात. बंदर तेच आहे.

ह्या संगणकांना तीन गोष्टी अखंड लागतात: वीज, थंडावा आणि पहारा. वीज एक क्षण गेली तरी चालत नाही, म्हणून दोन वेगवेगळ्या वाटांनी ती आत आणतात. दोन्ही वाटा बंद पडल्या तर बॅटऱ्यांचे दालन काही मिनिटे भार सांभाळते, आणि तेवढ्यात आगगाडीच्या इंजिनाएवढाले डिझेल जनरेटर सुरू होतात. संगणक तापतात, म्हणून थंड हवेची यंत्रे रात्रंदिवस चालतात. आणि ह्या सगळ्यांवर डोळ्यांत तेल घालून बसणारी माणसे लागतात. परिषद होती ती ह्याच विद्येची.

परिषदेचे स्वरूप आपल्या रामलीला मैदानावरच्या दसरा प्रदर्शनासारखेच होते, फक्त धूळ नव्हती. एका बाजूला दुकाने मांडलेली: कोणी बॅटरी विकतो, कोणी थंडाव्याची यंत्रे, कोणी धूर हुंगणारे नाक विकतो. दुसऱ्या बाजूला व्याख्यानांची दालने. प्रत्येकाच्या गळ्यात नावाची चिठ्ठी. आमच्या चिठ्ठीवर कामगार संघटनेचे नाव वाचून एक-दोघे जरा दूर सरकले, आणि चार-पाच जण मुद्दाम जवळ आले. दोन्ही गोष्टींचा अर्थ आम्हांला कळला.

व्याख्याने ऐकून एक गोष्ट मात्र मनापासून पटली. ही मंडळी आपल्या विद्येशी प्रामाणिक आहेत. त्यांचा मूळ सिद्धान्त असा, की प्रत्येक यंत्र कधी ना कधी मोडणारच. ‘माझे यंत्र मोडणार नाही’ असे म्हणणाऱ्याला तेथे कोणी शहाणा समजत नाही. म्हणून ते कधीही एकट्या यंत्रावर विसंबत नाहीत. चार जनरेटर लागत असतील तर पाच बसवतात. ‘लागतील तितके अधिक एक’ ही त्यांच्याकडची साधी रीत. त्याहून सावध असतो तो सगळेच दुप्पट बसवतो. आपल्याकडे ज्याला औताची काळजी असते तो शेतकरी जोडीशिवाय एक बैल जास्तीचा बाळगतो, तसलेच हे शहाणपण. आणि तो जास्तीचा जनरेटर रिकामा उभा आहे म्हणून मालक त्याला शिव्या देत नाही. उलट ठरलेल्या वारी तो चालवून, तेल-पाणी पाहून, पुन्हा विश्रांतीला ठेवतात.

सर्वांत वरच्या दर्जाच्या यंत्रघराचे ध्येय त्यांनी सांगितले ते ९९.९९५ टक्के. ऐकायला हा आकडा रुक्ष वाटतो. हिशेब करून पाहा. वर्षाची मिनिटे ५,२५,६००. त्यांतली सुमारे २६ मिनिटे तेवढी बंद राहण्याची मुभा. वर्षभरात २६ मिनिटे! आपल्या गावात भारनियमनाच्या एका फेरीत त्याहून जास्त वेळ जात असे.

आणि हे ध्येय चुकते तेव्हा काय होते, त्याचेही दाखले तेथे उघडपणे मांडले गेले. फ्रान्समध्ये स्ट्रासबर्ग येथे १० मार्च २०२१ च्या मध्यरात्रीनंतर एका कंपनीचे पाच मजली यंत्रघर जळून गेले. जीवितहानी झाली नाही, पण ज्या ग्राहकांनी दुसरी प्रत दुसरीकडे ठेवली नव्हती त्यांचे सर्वस्व गेले. १९ जुलै २०२४ रोजी संरक्षणासाठी म्हणून बसवलेल्या एका प्रणालीत सदोष सुधारणा पाठवली गेली आणि जगभरातले सुमारे ८५ लाख संगणक एकाच दिवशी आडवे झाले; आपल्या देशात विमानाच्या प्रवाशांना हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या द्याव्या लागल्या. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथे सरकारी यंत्रघरात बॅटऱ्या हलवण्याचे काम चालू असताना आग लागली. बॅटऱ्या वापराची दहा वर्षे उलटून गेलेल्या होत्या. सहाशेहून अधिक सरकारी सेवा बंद पडल्या. सरकारी नोकरांचे कागद साठवण्याचे एक भांडार होते. ते फार मोठे म्हणून त्याची दुसरी प्रत ठेवलेली नव्हती, ते समूळ गेले. आणि एक कामगार भाजला.

हा शेवटचा दाखला सांगताना पडद्यावर भांडाराचा आकडा होता, सेवांचा आकडा होता, नुकसानीचा आकडा होता. भाजलेल्या कामगाराचा उल्लेख नव्हता. तो आम्ही नंतर वृत्तपत्रांतून वाचला. सांगणारा काही निर्दय मनुष्य नव्हता. त्या विद्येच्या पाटीवर माणसाला रकानाच नाही, एवढेच त्याचे कारण.

येथून आमचा मुख्य मुद्दा सुरू होतो. दुपारच्या सुट्टीत आम्ही दालनाच्या मागच्या दाराने बाहेर गेलो. तेथे जी मुले चहा पीत उभी होती ती प्रतिनिधी म्हणून आलेली नव्हती. कोणी प्रदर्शनातली वीज जोडायला आलेला, कोणी मालकाबरोबर सामान घेऊन आलेला. बोलता बोलता एकाची बोली ओळखीची वाटली. गाव विचारले, तर सेनगाव तालुक्यातला निघाला. आयटीआय झालेला, नव्या मुंबईत एका यंत्रघरात वीज आणि बॅटऱ्यांच्या देखभालीवर. आम्ही विचारले, “ड्युटी किती तासांची रे?” तो म्हणाला, “बारा तासांची, काका. रिलीव्हर आला तर.”

“आणि नाही आला तर?”

“तर डबल.”

एवढे सांगून तो हसला. तक्रारीचा सूर त्यात नव्हता. त्याला हा जगाचा नियमच वाटत होता. मग इतरांना विचारले, तेव्हा चित्र स्पष्ट झाले. ज्याच्या यंत्रघरात ही मुले राबतात तो त्यांचा मालक नाही. त्याने इमारतीची देखभाल एका कंपनीला दिलेली. तिने विजेचे काम दुसऱ्याला दिलेले. त्याने माणसे पुरवण्याचे काम एका कंत्राटदाराला दिलेले. पगाराची चिठ्ठी कंत्राटदाराची, हुकूम कंपनीचा आणि शिव्या सगळ्यांच्या. एका जागेवर तीन माणसे नेमलेली, बारा-बारा तासांच्या पाळ्या.

हिशेब फळ्यावर मांडल्यासारखा मांडू. आठवड्याचे तास १६८. कायद्याने एका माणसाकडून आठवड्याला घ्यायचे ४८. म्हणजे एक जागा अखंड चालू ठेवायची तर साडेतीन माणसे लागतात. अर्धा माणूस मिळत नाही, तेव्हा चार. त्यांतल्या कोणाला ताप येणार, कोणाच्या घरी लग्न निघणार, कोणाची रजा साचणार, तेव्हा पाच. आणि धोक्याच्या ठिकाणी एकट्याने उभे राहू नये, दोघे असावेत, हे धरले तर दोन जागांना सात माणसे, आणि रजा-आजारपणाला एक धरून आठ. आता प्रत्यक्षात तीन माणसांत एक जागा चालवली तर प्रत्येकाच्या वाट्याला किती येतात? आठवड्याला ५६ तास. तेही कोणी आजारी पडला नाही तर! एक पडला, की उरलेल्या दोघांचे झाले ८४.

ज्या इमारतीत पाचवा जनरेटर विश्रांतीला उभा आहे, त्याच इमारतीत चौथा माणूस नाही. यंत्राला जोडीदार आहे, माणसाला नाही. दालनातले तज्ज्ञ ‘एकाच दुव्यावर सगळे अवलंबून असता कामा नये’ असे घसा कोरडा करून सांगत होते, आणि मागच्या दाराशी तो दुवा चहा पीत उभा होता, चौदा-पंधरा तास जागलेला.

कोणी म्हणेल, ही तर तुमची नेहमीची कामगार पुढाऱ्याची भाषा. मालक म्हटले, की तुम्ही काहीतरी मागणार. म्हणून आम्ही आता मालकांच्या बाजूचाच एक साक्षीदार उभा करतो. गूगल ही कंपनी कोणाला ठाऊक नाही? तिच्या अभियंत्यांनी यंत्रणा अखंड कशा चालवाव्यात ह्यावर २०१६ साली एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. ‘साइट रिलायबिलिटी इंजिनिअरिंग’ त्याचे नाव; ह्या धंद्यात तो फार मानला जातो. परिषदेत त्याचे नाव इतक्यांदा कानावर पडले, की परत आल्यावर शब्दकोश हाताशी घेऊन आम्ही तो वाचायला घेतला. त्यात पहाऱ्याचे एक प्रकरण आहे. एकाच ठिकाणी असलेल्या पथकाने आळीपाळीने जागता पहारा ठेवायचा, तर त्यात किमान आठ माणसे असावीत, असे त्यात सांगितले आहे. बारा तासांच्या पाळीत एका माणसापुढे दोनाहून अधिक बिघाड येऊ नयेत. आले तर ते पथक कमी पडते असे समजावे. अवेळी पहारा दिला तर त्याचा मोबदला द्यावा. त्यांची हिशेबाची रीत आमच्याहून निराळी आहे, पण आकडा तोच निघाला: आठ!

त्याच ग्रंथात आणखी एक मोलाची गोष्ट आहे. बिघाड झाला म्हणजे त्याची चौकशी अशी करावी, की कोणाच्या माथी दोष मारायचा नाही. काय घडले, कोणत्या क्रमाने घडले आणि पुन्हा घडू नये म्हणून यंत्रणेत काय बदलावे, एवढेच लिहायचे. कारण दोष माथी येणार म्हटले, की माणूस खरे सांगत नाही. आणि खरे कळले नाही, की बिघाड पुन्हा होतो. परिषदेत ह्यावर स्वतंत्र व्याख्यान झाले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. आम्हीही वाजवल्या. पण मनात आले, ही चौकशी कोणासाठी? गळ्यात चिठ्ठी असलेल्या अभियंत्यासाठी. बॅटरीच्या दालनातल्या कंत्राटी मुलाची चौकशी होत नाही. त्याला ‘उद्यापासून येऊ नकोस’ एवढे सांगतात. मग तो बिघाड का झाला, हे त्या मुलाबरोबरच गावी निघून जाते. नुकसान मुलाचे होतेच. पण ज्यांची ओळ त्या तबकडीवर लिहिलेली आहे त्या तुमचे-आमचेही होते.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच, की माणसाला जोडीदार, विश्रांती आणि न्यायाची चौकशी ही दयेची मागणी नव्हे. ती त्या विद्येचीच मागणी आहे. जी विद्या यंत्रापाशी थांबते आणि माणसापाशी पोचत नाही, ती अर्धीच विद्या.

आता आमच्याच चळवळीतले जुने लोक विचारतील, की अरे, ह्या यंत्राने किती जणांच्या नोकऱ्या गेल्या, आणि तुम्ही त्याच्या राखणदारांची काळजी कसली करता? प्रश्न रास्त आहे. आपल्या देशात पहिला संगणक कलकत्त्याच्या सांख्यिकी संस्थेत १९५५-५६ च्या सुमारास आला. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने तर स्वतःच एक घडवला. १९६० साली तो चालू झाला आणि पुढे टिफ्रॅक ह्या नावाने ओळखला गेला. त्याच दशकात आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी, विशेषतः कलकत्त्यात, संगणकाला कडाडून विरोध केला. तो विरोध पोटाच्या भीतीतून आला होता, आणि पोटाच्या भीतीला हसू नये. पण पुढे बँकांच्या कर्मचारी संघटनांनी दुसरी वाट काढली. ८ सप्टेंबर १९८३ रोजी त्यांनी बँकांच्या मंडळाशी यांत्रिकीकरणाचा करार केला: यंत्रे कोठे येतील, किती येतील, कोणत्या अटींवर येतील. यंत्र आले; पण ते बोलणी करून आले. आमच्या मते शहाणपणाची वाट ती. यंत्राशी भांडण नाही, यंत्राच्या अटींशी आहे.

अटी घालणे हे काम तरी कोणी शिकवले? आपल्याच मातीतल्या माणसाने. नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतले. त्यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि मागण्यांचा अर्ज तयार केला. आठवड्याला एक सुट्टी, ही त्यांतली मुख्य मागणी. गिरणीमालक म्हणत, यंत्र थांबवले तर धंदा बुडेल. २४ एप्रिल १८९० रोजी सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. तीत दोन स्त्री कामगारही बोलल्या. १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. धंदा बुडाला नाही. लोखंड्यांच्या वेळी प्रश्न सोपा होता असे म्हणता येईल: यंत्र थांबले, की माणूसही मोकळा. आजचे यंत्र थांबतच नाही. मग माणसाचा रविवार यंत्राच्या थांबण्यातून मिळणार नाही, दुसऱ्या माणसाच्या येण्यातून मिळेल. म्हणून आजच्या काळात रविवार मागणे म्हणजे चौथा आणि पाचवा माणूस मागणे.

कायद्याचे वारे मात्र उलट दिशेला आहे, हे तुमच्यापासून लपवून उपयोग नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने दुकाने आणि आस्थापनांतली दिवसाच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १० वर आणि कारखान्यांतली ९ वरून १२ वर नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तास तेवढे कायम राहिले. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. कंत्राटी कामगारांच्या १९७० च्या मूळ कायद्यात २० माणसे ठेवणारा कंत्राटदार येत असे. नव्या संहितेत ती मर्यादा ५० आहे. आता बॅटऱ्यांच्या दालनाला माणसे पुरवणाऱ्या कंत्राटदाराकडे पन्नास माणसे कोठून असणार? आणि असली तरी तो दोन नावांनी पंचवीस-पंचवीस दाखवील. तरीही ४८ चा आकडा कायद्यात शिल्लक आहे, आणि जोपर्यंत तो आहे तोपर्यंत आमच्या हिशेबाला पाया आहे.

ह्या धंद्यातल्या लोकांविषयी जगाला कृतज्ञता नाही असे नाही. अमेरिकेत २००० सालापासून जुलैच्या शेवटच्या शुक्रवारी संगणक-व्यवस्थापकांचे आभार मानण्याचा दिवस पाळतात. चांगली चाल आहे. आपल्याकडे ती फार जुनी आहे. तिला पोळा म्हणतात. आदल्या दिवशी खांदेमळणी करायची, हळद-तूप चोळायचे, शिंगे रंगवायची, पुरणपोळी चारायची. पण पोळ्याची खरी खूण कोणती? त्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवीत नाहीत. शिंगे रंगवून त्याच दिवशी औताला जुंपले, तर त्याला पोळा कोणी म्हणणार नाही. परिषदेच्या सांगता समारंभात राखणदारांचे आभार मानले गेले, सभागृह उभे राहिले. त्या रात्री नव्या मुंबईत तीन माणसांच्या जागेवर तीनच माणसे होती.

शेवटी आपल्या जिल्ह्याकडे येतो. औंढा नागनाथ तालुक्यात गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या तिच्या दोन भुजा असतील, आणि प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा-हजाराव्या भागाइतका फरक त्या मोजू पाहतील. अशा यंत्राला अहोरात्र पहारा लागतो, आणि त्याने टिपलेले सगळे साठवायला व पडताळायला मोठी संगणक-यंत्रणा लागते. म्हणजे ऐरोली-महाप्याला ज्या जातीची कामे आहेत त्यांतली काही उद्या औंढ्याला असतील. शास्त्रज्ञांची नेमणूक नीट होईल, ह्याची आम्हांला शंका नाही. पण वीज पाहणारा, थंडावा पाहणारा, रात्री दाराशी बसणारा कोणाच्या पदरी असेल, हे आजच विचारायला हवे. इमारत उभी राहिल्यावर विचारले, तर ‘कंत्राट होऊन गेले’ हे उत्तर मिळते.

तेव्हा तुम्हांला दोन कामे सांगून आम्ही रजा घेतो. पहिले काम आईबापांसाठी. मुलाला किंवा मुलीला अशा ठिकाणी नोकरी लागली, तर पगार विचाराल तसे तीन प्रश्न आणखी विचारा: नेमणुकीच्या कागदावर मालक म्हणून नाव कोणाचे आहे? तुझ्या जागेवर एकूण माणसे किती? आणि रिलीव्हर आला नाही तर कोणाला कळवायचे? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर पहिल्या दोहोंचीही उत्तरे खरी नाहीत असे समजा. मग त्या पोराला सांगा, की एकटा भांडू नकोस. बरोबरीच्या चौघांना घेऊन संघटनेकडे जा.

दुसरे काम तुम्हां सर्वांसाठी. ह्या मंडपात बसलेल्यांपैकी पुष्कळ जण कोणत्या ना कोणत्या सहकारी बँकेचे, पतसंस्थेचे सभासद आहेत. दरवर्षी वार्षिक सभा होते, लाभांश किती ते विचारले जाते, अल्पोपहार होतो आणि सभा संपते. यंदाच्या सभेत उभे राहून अध्यक्षांना विचारा: आपले हिशेब ज्या यंत्रघरात आहेत, तेथे त्यांची दुसरी प्रत दुसऱ्या गावी आहे काय? आणि तेथे रात्री जो माणूस जागा असतो, त्याला दुसरा माणूस आहे काय? हे दोन्ही प्रश्न एकाच श्वासात विचारा. अध्यक्षांना उत्तर ठाऊक नसेल. त्यांना ते कंपनीकडून लेखी मागवायला लावा, आणि पुढच्या सभेच्या इतिवृत्तात ते वाचून दाखवायला सांगा.